वेडर्सना वास येतो, आत ओल लागते: गळती की घाम?

ऑकलंडला राहणाऱ्या एका तरुण मित्राचा प्रश्न आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने ब्रीदेबल (घामाची वाफ बाहेर सोडणारे) वेडर्स घेतले, म्हणजे नदीत उभं राहून मासे धरताना घालायची छातीपर्यंतची जलरोधक विजार, आणि टोंगारिरो नदीवर पाच-सहा फेऱ्या केल्या. गाडी लावून पाऊण तास चालतो, आत जीन्स घालतो, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलंय. आता वेडर्सना कुबट वास येतो आणि दोन्ही मांड्यांपाशी आतून ओल लागते. एका दुकानात दाखवले तर ‘गळतायत, नवे घ्या’ असा सल्ला मिळाला. मार्चअखेर तो दोन महिन्यांसाठी पुण्याला चाललाय आणि एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरायला जायचा बेत आहे. “काका, हे धुवायचे कसे, वाळवायचे कसे, ठेवायचे कुठे? आणि बरोबर नेऊ का?”

आधी दुकानदाराचं म्हणणं बाजूला ठेव. तू सांगतोस त्यावरून मी पैजेवर म्हणेन की तुझे वेडर्स गळत नाहीत, तुंबलेत. मी टाउपो तलावाच्या बाजूला अठरा वर्षं राहतोय. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा तरी नदीत कमरेपर्यंत उभा असतो आणि आसपासच्या मित्रांचे वेडर्स गॅरेजमध्ये बसून दुरुस्त करून देतो. ‘गळतोय’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जोड्यांना शोधूनही भोक सापडत नाही. मळ मात्र हमखास सापडतो.

ओळखायची रीत सोपी आहे. नदीवरून आल्या आल्या वेडर्स उलटे कर आणि ओल कुठे आहे ते पाहा. गळतीची ओल एका जागी असते, दर खेपेला तिथेच, आणि तिथून खाली, वेडर्सला जोडलेल्या मोज्याकडे ओघळ गेलेला दिसतो. घामाची ओल दोन्ही पायांवर सारखी पसरते: मांड्यांवर, गुडघ्यामागे, पट्ट्याखाली. तुझी दोन्हीकडे सारखी आहे. त्यात पाऊण तासाची चाल आणि जीन्स! सुती कापड घाम पिऊन धरून ठेवतं, वाफ होऊन बाहेर जाऊच देत नाही. पुढच्या वेळी आत पातळ मेरिनो लोकरीची किंवा पॉलिएस्टरची लेगिंग घाल, चालताना वेडर्सचा छातीचा भाग कमरेपर्यंत खाली घे, आणि नदीवर पोहोचलास की वर चढव. एवढ्यानेच निम्मी ‘गळती’ थांबेल.

उरलेली निम्मी का होते हे कळण्यासाठी कापडाच्या आत डोकावायला हवं. बाहेर नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं मजबूत कापड, आत अस्तर, आणि मधे मेम्ब्रेन नावाचा अगदी पातळ पापुद्रा. बऱ्याच महागड्या जोड्यांत हा पापुद्रा ताणलेल्या टेफ्लॉनचा असतो. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होते आणि त्या तुटत होत्या. वैतागून एका कांडीला जोरात हिसका दिला, तर ती न तुटता जवळजवळ दहापट लांब झाली. तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं होतं. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जाऊ शकत नाही, वाफेचे रेणू जातात. स्वस्त जोड्यांत बहुधा पॉलियुरेथेनचा पापुद्रा असतो. त्याला छिद्रं नसली तरी तो वाफ शोषून पलीकडे सोडतो. दोन्हींचं तत्त्व एकच: आत उबदार दमट हवा आणि बाहेर कोरडी गार हवा असेल, तेव्हाच वाफ बाहेर ढकलली जाते.

बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक लेपही असतो. नवे वेडर्स पाण्यातून बाहेर आले की अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे थेंब घरंगळतात, ते या लेपामुळे. त्यावर गाळ, शेवाळ, माशाची चिकटी, गाडीच्या सीटचं तेल बसलं की थेंब घरंगळायचे थांबतात आणि कापड पाणी पिऊन काळपट, जड होतं. तरी पापुद्रा शाबूत असल्याने पाणी आत येत नाही. पण बाहेर पाण्याचा थर चिकटला की आतली वाफ जाणार कुठे? ती आतच थंड होते, पाणी होते, आणि तुला वाटतं भोक पडलं.

आतल्या बाजूने घाम, अंगाचं तेल आणि सनस्क्रीन बसत असतं. वास तिथलाच. अनेकजण वेडर्स बाहेरून पाइपने धुतात आणि आतल्या बाजूला वर्षभर हात लावत नाहीत. मीही पहिली चार वर्षं तसाच होतो. ‘धुतले की पापुद्रा खराब होतो’ असं कुणीतरी सांगितलेलं डोक्यात बसलं होतं. प्रत्यक्षात पापुद्र्याचं नुकसान मळ करतो आणि धुण्याने तो वाचतो.

धुवायला आंघोळीचा टब उत्तम. आधी वेडर्सच्या आतलं लेबल वाच, कंपनीनुसार बारीक फरक असतात आणि शेवटचा शब्द लेबलाचा. खिसे रिकामे कर. हुक, नायलॉनच्या तंगुसाचे तुकडे, शिशाची वजनं, सगळं. मला एकदा खिशातल्या, आमिषाच्या नकली माशीच्या हुकाने टबातच जांघेत भोक पाडून दिलंय. मग वेडर्स उलटे करून टबात गार किंवा जेमतेम कोमट पाणी घे. जलरोधक कपड्यांसाठी वेगळा द्रव साबण मिळतो, निकवॅक्स, ग्रेंजर्स वगैरेंचा. बाटलीवर लिहिलेल्या मापाने तो टाक. घरचा कपड्यांचा साबण नको. त्यातली सुगंधी आणि मऊपणा आणणारी द्रव्यं कापडात उरतात आणि पाण्याला आमंत्रण देतात. सॉफ्टनर तर अजिबात नको, ब्लीच आणि ड्रायक्लीनिंगही नाही.

आतली बाजू मऊ स्पंजने चोळ. जास्त वेळ मोज्यांना दे, कारण ते निओप्रीनचे, म्हणजे फुगीर रबराचे असतात आणि स्पंजासारखे घाम धरून ठेवतात. मग सुलटे करून बाहेरची बाजू. गुडघे, पार्श्वभाग आणि घोट्याजवळच्या रेती अडवणाऱ्या पट्ट्या मऊ ब्रशने घासायला हरकत नाही. चेन असलेले वेडर्स असतील तर दात जुन्या टूथब्रशने साफ करून कंपनीने दिलेलं वंगण लाव. त्या चेनमध्ये अडकलेला वाळूचा एक कण वेडर्सच्या निम्म्या किमतीचं नुकसान करू शकतो. शेवटी साध्या पाण्याने खळबळ, फेस पूर्ण जाईपर्यंत. तीन पाणी तरी लागतातच. पिळू नको. टबाच्या काठावर पसरून पाणी निथळू दे.

वॉशिंग मशीनबद्दल विचारशीलच. लेबलावर परवानगी असेल तर पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये, हलक्या चक्रावर, पिळण्याचं चक्र बंद ठेवून चालतं. वरून उघडणाऱ्या, मधे खांब असलेल्या मशीनमध्ये मात्र कधीच नको. वेडर्सचा पाय म्हणजे जलरोधक पिशवी. त्यात पाणी साठलं आणि मशीन गरगर फिरायला लागलं, तर वेडर्स फाटतील नाहीतर मशीन नाचेल.

कुबट वासाबरोबर काळे ठिपके दिसत असतील तर ती बुरशी. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी घेऊन तो भाग अर्धा तास भिजव, मग वरच्यासारखं धू. वास जाईल. ठिपक्यांचे डाग राहतीलही, त्यांचं मनावर घेऊ नको.

आता वाळवणं. माझ्या मते वेडर्सचं आयुष्य इथेच ठरतं. माझे पहिले वेडर्स मी मेच्या एका शनिवारी ओले गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकले आणि कामाच्या गडबडीत विसरलो. तीन आठवड्यांनी उघडले तेव्हा गुडघ्याजवळची शिवणीवरची टेप ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखी सुटून आली होती. एका मोसमात गेलेली ती जोडी. नदीने तिला काही केलं नव्हतं, डिकीने केलं.

आतली बाजू आधी वाळव. वेडर्स उलटेच ठेवून पट्ट्यांनी किंवा पायांनी टांग, मोज्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि ते दोन-तीन तासांनी बदल. कापड अर्ध्या दिवसात वाळतं. निओप्रीनला दोन दिवसही लागतात. हाताला कोरडं वाटलं तरी मोज्याच्या टाचेची शिवण बोटांत दाबून बघ, गार लागली तर ओल आहे. नंतर सुलटे करून पुन्हा एक रात्र. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. कडक ऊन निओप्रीन आणि टेपचा गोंद दोन्ही म्हातारे करतं. हीटरसमोर टांगणं त्याहून वाईट. पावसाळी आठवड्यात मी छोट्या खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावून दार बंद करतो. न्यूझीलंडच्या अनेक घरांत तो असतो. इकडचे लोक हॉट वॉटर सिलिंडरच्या कपाटात वेडर्स टांगतात. शेवटच्या टप्प्याला ते ठीक आहे, पण निथळते वेडर्स त्या बंद उबेत ठेवलेस तर बुरशीची शेतीच होईल.

पूर्ण वाळल्यावर बाहेरून थोडं पाणी शिंपडून बघ. थेंब घरंगळले तर लेप शाबूत आहे. पसरले तर आधी केसांच्या ड्रायरने, मंद उष्णतेवर, वीतभर अंतरावरून कापड फिरतं शेक. मळाने दबलेला लेप धुणं आणि सौम्य उष्णता यांनी पुष्कळदा जागा होतो. आपला तळहात जिथे सहज टिकत नाही तिथे वेडर्सही टिकणार नाहीत, एवढं माप पुरे. निओप्रीनवर ड्रायर नको. तरीही थेंब पसरत असतील तर लेपाचा स्प्रे मिळतो, तो फक्त बाहेरून मार. हल्लीचे बरेच लेप फ्लोरीनविरहित असतात. पर्यावरणाच्या दृष्टीने ते चांगले, पण ते तेलाला पूर्वीच्या लेपांइतके तोंड देत नाहीत. म्हणून नव्या जोड्या जुन्यांपेक्षा जास्त वेळा धुवाव्या लागतात. तू वर्षभर धुतलेच नाहीस, त्यात सगळा दोष तुझा नाही.

जाता जाता एक. साउथ आयलंडच्या पश्चिम किनाऱ्याला गेलास की सॅंडफ्लाय नावाच्या चावऱ्या चिलटांपासून वाचायला डीट असलेलं औषध फासशील. तेच हात पुसायला वेडर्सला लावू नकोस. डीट कित्येक प्लास्टिकं विरघळवतं, गळाची नकली माशी टाकायच्या दोरीचं आवरणसुद्धा.

एवढं करूनही एका पायात नेमक्या जागी ओल आलीच, तर भोक शोध. वेडर्स उलटे, पूर्ण कोरडे. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्प्रेच्या बाटलीत भरून आतून हलकं फवार, खिडक्या उघड्या आणि आसपास आग नको. टेफ्लॉनच्या पापुद्र्यात भोक असेल तर तिथे लगेच काळा ठिपका उमटतो. पहिल्यांदा पाहशील तेव्हा जादू वाटेल. पॉलियुरेथेनवर ही जादू चालत नाही. तिथे वेडर्सचं वरचं तोंड गुंडाळून थंड हवेच्या ड्रायरने फुगव आणि बाहेरून साबणपाणी लाव, बुडबुडे येतील. पायांत पाणी भरून टांगायची पद्धत मला आवडत नाही, एका पायात वीस-पंचवीस लिटर पाणी म्हणजे शिवणींवर अत्याचार.

सापडलेल्या भोकाभोवती पेनाने गोल कर, अल्कोहोल पूर्ण उडू दे आणि आतून अ‍ॅक्वासीलसारख्या युरेथेन गोंदाचा करंगळीच्या नखाएवढा ठिपका लावून पातळ पसरव. रात्रभर हात लावू नको. उघडलेली ट्यूब फ्रीझरमध्ये ठेवलीस तर महिनोन्महिने टिकते, नाहीतर दुसऱ्या वेळी दगड. माझ्याकडे ती मटारांच्या पिशवीशेजारी असते आणि बायकोने तिच्यावर ठसठशीत अक्षरात ‘हे खाऊ नये’ असं लिहून ठेवलंय.

भोकं जास्तकरून तीन ठिकाणी पडतात: जांघेत जिथे शिवणी एकत्र येतात, कापड आणि मोजा जोडला जातो तिथे, आणि मोज्याच्या तळव्याला. तिसऱ्याचं कारण बुटातली वाळू. बूट काढलेस की आतली गादी बाहेर काढून बूट धू, आणि वेडर्स घालताना-काढताना खडीवर उभा राहू नको. गाडीत एक जुनी चटई टाकून ठेव. ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्यांतून शॉर्टकट घेणाऱ्यांचं मी काही करू शकत नाही.

आता न्यूझीलंडपुरती एक गोष्ट, जी धुण्याइतकीच महत्त्वाची आहे. २००४ साली साउथ आयलंडच्या लोअर वायाऊ नदीत डिडिमो सापडलं. एका पेशीचं शेवाळ. इकडे त्याला ‘रॉक स्नॉट’ म्हणतात, म्हणजे दगडाला आलेला शेंबूड, आणि दिसतंही तसंच. एका थेंबातून ते दुसऱ्या नदीत जाऊ शकतं. बुटांचे फेल्टचे, म्हणजे नमद्यासारख्या कापडाचे तळवे ओल धरून ठेवतात म्हणून २००८ पासून ट्राउटच्या मासेमारीत त्यांना इथे बंदी आहे. मे २०२३ मध्ये गोल्ड क्लॅम नावाचा परका शिंपला वाइकाटो नदीत, कारापिरोला सापडला. आपल्या टाउपोतून निघते तीच वाइकाटो. म्हणून नियम आहे: तपासा, धुवा, वाळवा. साहित्य आतून-बाहेरून हाताला कोरडं लागल्यानंतर आणखी ४८ तास कोरडं ठेवायचं, मगच दुसऱ्या पाण्यात.

इथे एक पेच आहे. जंतू मारायला साठ अंशांचं पाणी, ब्लीच किंवा भांड्यांच्या साबणाचं पाच टक्के द्रावण वापरा, असं डिडिमोच्या काळात शिकवलं गेलं. पण साठ अंश आणि ब्लीच वेडर्सच्या गोंदाला आणि लेपाला मानवत नाहीत. माझा तोडगा असा: बुटांना हवं ते सगळं करतो, ते दणकट असतात. वेडर्सना घाईच्या वेळी भांड्यांचा साबण लावून लगेच भरपूर पाण्याने खळबळतो, आणि खरा भरवसा वाळवण्यावर ठेवतो. शिवाय दोन जोड्या ठेवल्यात, एक जुनी ठिगळांची. एक वाळत असताना दुसरी नदीवर. बाहेर धुतलेलं पाणी गवतावर सोड, पावसाच्या गटारात नको.

ठेवण्याबद्दल. दोन-चार आठवड्यांसाठी पट्ट्यांनी टांगलेले वेडर्स ठीक. जास्त दिवसांसाठी पायांनी टांग किंवा सैल गुंडाळून जाळीच्या पिशवीत ठेव. घडी घालून वर वजन ठेवू नको, घडीच्या रेषेवर पापुद्रा मोडतो. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत किंवा डब्यात नको. ऑकलंडचं गॅरेज दमट आणि उंदरांचं, त्यापेक्षा बेडरूमचं कपाट बरं. बायकोशी तो तह तू कर.

आपल्या घरचे दोन संस्कार इथे आवर. पावसाळा संपला की आई रेनकोटला टाल्कम पावडर लावून घडी घालायची, म्हणून मीही एकदा वेडर्समध्ये निम्मा डबा ओतला. पुढच्या फेरीत घामाबरोबर तिचं पिठलं झालं आणि ते अस्तरात जाऊन बसलं. पावडर रबराला, या कापडाला नाही. दुसरं म्हणजे डांबराच्या गोळ्या. त्यांच्या वाफा काही प्लास्टिकांना आणि गोंदांना बाधतात, आणि तो वास घेऊन नदीवर जाण्यात मजाही नाही.

तीर्थनला वेडर्स ने. एप्रिलमध्ये तिथल्या पाण्यात बर्फ वितळून येतं, उघड्या पायांनी दहा मिनिटंही उभं राहवणार नाही. ट्राउटचा बंदीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतो, म्हणजे तू मोसमात जातोयस. परवाना मात्र मत्स्यविभागाकडून आधी काढ. इथून निघताना वेडर्स आणि बूट वर सांगितल्याप्रमाणे धुवून, पूर्ण वाळवून, ४८ तास होऊ देऊनच बॅगेत भर. हिमाचलच्या नदीलाही आपला शेंबूड नकोय. अल्कोहोलची बाटली विमानात नेऊ नको, त्याऐवजी चिकटणारी ठिगळपट्टी ने. ती पाचव्या मिनिटाला पाण्यात उतरवते, कायमची दुरुस्ती घरी.

पुण्यात आलास की वेडर्स माळ्यावर टाकू नको. एप्रिल-मेमध्ये गच्चीखालचा माळा भट्टी होतो आणि टेपचा गोंद मऊ पडतो. आतल्या खोलीत दाराच्या मागे खुंटीला टांग, भाचेकंपनी अवकाशवीर म्हणून घालून बघणार नाही एवढ्या उंचीवर. तीर्थनहून आल्यावर पुन्हा धू. टब नसला तर गच्चीवर सावलीत दोन बादल्या आणि पाइप पुरे. पुण्याची मेमधली कोरडी हवा वेडर्स वाळवायला इथल्या कुठल्याही यंत्रापेक्षा चांगली, एक रात्र पुरते. पण तू मुक्काम जूनच्या पावसापर्यंत लांबवलास, तर बुरशीशी गाठ आहे.

परतताना ऑकलंडच्या विमानतळावर वापरलेले वेडर्स, बूट, रॉड, सगळं प्रवाशांच्या घोषणापत्रात जाहीर कर. ‘धुतलेत, कशाला सांगा’ असा विचार करू नको. न सांगता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे. सांगितलंस आणि ते स्वच्छ, कोरडे असले तर बहुधा बघून परत देतात. वेडर्स बॅगेत सगळ्यात वर ठेव, बुटांच्या गाद्या बाहेर काढून वेगळ्या ठेव, आणि नाड्यांच्या भोकांत अडकलेलं तीर्थनचं गवत निघण्याआधी पुण्यातच टाचणीने काढ.